नऊ कॉम्प्युटर, एक ऑफसाइड

सान लिनो बंदर, ३ जून २००९

मॉड बनवणारे सेन्योर,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. फोरमवर तुम्ही फक्त ‘चाचापोयासचा एक माणूस’ असं लिहिता आणि खाली हा ई-मेल देता, म्हणून थेट इथेच लिहिते. मी ग्रिसेल्दा पेन्या. सान लिनोला धक्क्यासमोर माझी इंटरनेटची कॅबिन आहे. नऊ कॉम्प्युटर, एक पंखा, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत फुटबॉलचा तो एकच खेळ. मासे उतरवून झाले की माणसं हातसुद्धा न धुता येऊन बसतात. कीबोर्डला खवले चिकटलेले असतात.

गेल्या आठवड्यात कुणीतरी बातमी आणली की तुम्ही त्या खेळाला बाहेरून जोडायची भर, म्हणजे एक मॉड केलंय, त्यात आपल्या प्रांतातले छोटे छोटे संघ आहेत आणि त्यात आमचं सान लिनो आहे. मैदानासकट. मला वाटलं थट्टा. मग फोटो उघडले. सेन्योर, मी बावन्न वर्षांची बाई आहे, मला सहसा कशाचं नवल वाटत नाही. पण तो हिरवा-पांढरा शर्ट पडद्यावर पाहिला आणि माझ्या हातातला कप तिरका झाला. आजवर आमची माणसं युरोपातले संघ घेऊन खेळायची, ज्यांची गावंही नकाशात शोधावी लागतात. आता स्वतःचा संघ घेऊन खेळणार.

२८ जूनला, सान पेद्रोच्या जत्रेच्या रविवारी, मी स्पर्धा ठेवली आहे. बत्तीस नावं आली. त्यात पाच बोटींचे तांडेल आहेत, आणि माझा भाऊ तेओ, ज्याने जन्मात माउसला हात लावलेला नाही.

अडचण एकच. तुमचा इन्स्टॉलर चालत नाही. दोनदा टिचकी मारते, वाळूचं घड्याळ दिसतं, क्षणभर थांबतं आणि जातं. पुढे काही नाही, ना शिवी ना ओवी. नऊच्या नऊ मशीनवर हेच. तेओने सहा नंबरला दोन थापा मारून पाहिल्या. बोटीचं इंजिन तसंच चालू होतं म्हणतो.

पंचवीस दिवस हातात आहेत. काय करू सांगा.

ग्रिसेल्दा पेन्या


चाचापोयास, ५ जून

सेन्योरा पेन्या,

आपलं पत्र मिळालं. माझं नाव अबेलार्दो रेंतेरिया. मी इथल्या रात्रशाळेत कॉम्प्युटर दुरुस्ती शिकवतो. मॉड हा फावल्या वेळचा उद्योग.

प्रथम, भावाला थापा मारू देऊ नका.

इन्स्टॉलर मुकाट्याने नाहीसा होतो तेव्हा बहुधा अँटिव्हायरसने त्याला उचललेलं असतं. परदेशातल्या त्या प्रोग्रामला आमच्यासारख्यांची फाइल ओळखीची नसते. अनोळखी तो चोर, असा त्याचा हिशेब. त्याची खिडकी उघडून ‘अटकेत ठेवलेल्या फाइली’ अशी यादी दिसते का पाहा. तिथे माझी फाइल असेल तर सोडवा, अँटिव्हायरस तेवढ्यापुरता बंद करा, आणि उजवी टिचकी मारून ‘व्यवस्थापक म्हणून चालवा’ निवडा. काम झालं की अँटिव्हायरस परत चालू करायला विसरू नका.

त्यानंतर जो संदेश येईल तो अक्षरनअक्षर लिहून कळवा. ‘काहीतरी इंग्रजीत आलं’ असं कळवू नका. जे दिसलं तेच लिहा, अंदाज नको.

अ. रेंतेरिया


सान लिनो, ८ जून

सेन्योर रेंतेरिया,

तुम्ही शिकवता हे पहिल्याच ओळीत कळलं. माझ्या हातावर पट्टी बसल्यासारखं वाटलं.

पण तुमचं बरोबर निघालं. नऊ मशीनवर नऊ कैदी सापडले. सोडवले. मग खिडकी उघडली, तुमचं चित्र आलं, हिरवी पट्टी सरकायला लागली. माझ्या मागे चौदा माणसं उभी होती. पट्टी एक तृतीयांशावर आली आणि हे उमटलं, मी वहीत उतरवून घेतलंय: ‘फाइल अपुरी किंवा बिघडलेली आहे. स्रोत तपासा.’ तेओ म्हणाला, “स्रोत म्हणजे तो चाचापोयासवाला. त्यालाच तपास.”

मी परत डाउनलोड केलं. चार तास लागले, मधे दोनदा लाइन गेली. तोच संदेश.

दरम्यान आम्ही फोटोच पाहत बसतो. दक्षिणेकडच्या गोलामागे बर्फाचा कारखाना, त्याचं वाकडं धुराडं, भिंतीला टेकून ठेवलेली वल्ही. आमच्यात रोज वाद होतो की हे तुम्हाला सांगितलं कुणी. कधी आला होतात का इकडे?

आणि एक विचारते. संघ ९४ सालचा घेतलाय तुम्ही. हे मुद्दाम का? ती आमची दुखरी जागा आहे. त्या वर्षी पुंता ग्रांदेविरुद्ध प्रांताचा अंतिम सामना इथेच झाला. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला तेओने गोल मारला आणि मोगोयोन नावाच्या पंचाने तेओ बचावपटूंच्या पलीकडे होता, ऑफसाइड, असं म्हणून तो रद्द केला. बरोबरी झाली, आधीच्या सामन्यांतल्या गोलांच्या जोरावर चषक पुंता ग्रांदेला गेला. तेव्हापासून इथे तराजूत कुणी काटा मारला की आम्ही म्हणतो, “ए, मोगोयोन करू नकोस.” पोरासोरांना तर ते माणसाचं नाव आहे हेही माहीत नाही.

असो. फाइलचं सांगा.

ग्रिसेल्दा


चाचापोयास, १० जून

सेन्योरा पेन्या,

संदेश नीट उतरवल्याबद्दल आभार. निदान आता सोपं आहे. तुमच्या लाइनीत फाइल पूर्ण उतरतच नाही. फाइलवर उजवी टिचकी मारून आकार पाहा. माझ्याकडची ६८१ मेगाबाइट आहे, तुमची कमी भरेल. पुन्हा डाउनलोड करण्यात वेळ घालवू नका. मी आज दोन सीडी बसच्या पार्सलने पाठवतो आहे, पिउराच्या थांब्यावर तुमच्या नावाने. दोन एवढ्यासाठी की एकीवर ओरखडा आला तर दुसरी असावी.

मैदानाचे फोटो मला एकाने दिले होते. ९४चा संघ घेतला कारण त्या संघाची माहिती पूर्ण मिळाली.

अ. रेंतेरिया


सान लिनो, १६ जून

अहो सेन्योर रेंतेरिया,

चाललं. एकावर चाललं. आधी ते सांगते, मग बाकीचं.

सीडी शनिवारी आल्या. आकार पाहिला, ६८१. एक नंबर मशीनपासून सुरुवात केली. पट्टी चाळीस टक्क्यांपर्यंत गेली आणि अडली. संदेश, अक्षरनअक्षर: ‘दर्शविलेला मार्ग सापडत नाही.’ दोन नंबर, तेच. तीन, चार, पाच, सहा, तेच. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. सात नंबरला सीडी घातली ती केवळ सहानंतर सात येतो म्हणून. चाळीस झाले, एक्केचाळीस झाले. “गप्प बसा,” मी म्हटलं, कुणी बोलत नसतानाच. शंभर.

खेळ उघडला. संघांच्या यादीत सान लिनो. मैदानात उतरलो तर संध्याकाळचं ऊन बरोबर आमच्या धक्क्यावरून येतं तसं, तिरपं. दारात गर्दी, खिडकीत गर्दी, एक जण पंख्याच्या स्टुलावर. दिग्ना केरेवालू आहे ना, म्हाकूळ साफ करायच्या कारखान्यातली, ती हातात सुरी घेऊनच धावत आली. तेओ सर्वांत मागे उभा होता. पडद्यावर अकरा नंबर पळाला, पाठीवर ‘तेओ’. माझा भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा आहे, अंगाने बोटीएवढा, आणि तो म्हणाला, “एवढा बारीक होतो मी?”

आठ आणि नऊवर परत तोच संदेश. फक्त सातवर का चालतं हे देवाला ठाऊक नाहीतर तुम्हाला.

आता दुसरं. सेन्योर, तुमच्या मैदानाच्या पूर्वेच्या भिंतीवर दोरखंडाच्या दुकानाची निळी जाहिरात आहे. ती जाहिरात त्या सामन्यासाठी रंगवली होती आणि आठवड्याच्या आत लोकांनी रागाने चुना फासून पुसली. आणि शर्टाच्या बाहीवर काळी पट्टी आहे. ती आमच्या मुलांनी फक्त त्याच दिवशी बांधली होती, त्या सकाळी एक बोट बुडाली होती म्हणून. याचे फोटो कुणाकडे नाहीत. मी घरोघर विचारून आले.

तुम्ही त्या दिवशी इथे होतात. पुंता ग्रांदेचे आहात का? असाल तर सांगून टाका, पंधरा वर्षं झाली, आम्ही काय खाणार आहोत तुम्हाला.

ग्रिसेल्दा


चाचापोयास, १८ जून

सेन्योरा,

मला एक शंका आहे आणि ती खरी ठरली तर मी वर्गात नाचणार आहे. साठाव्या वर्षी शोभत नाही, तरीही.

सात नंबरच्या मशीनवर खात्याचं नाव काय आहे? बाकीच्या आठांवर काय आहे? मी सांगतो. आठांवर तुम्ही स्वतःचं आडनाव दिलं असणार, ‘पेन्या’. सातवर दुसरं काहीतरी.

इन्स्टॉलर आधी आपल्या फाइली एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतो. त्या फोल्डरच्या रस्त्यात खात्याचं नाव येतं. आणि हा इन्स्टॉलर ज्या साच्यावर मी बांधला तो परदेशातल्या एका भल्या माणसाने केलाय, त्याला आपला डोक्यावर नागमोडी रेघ असलेला ‘न’, तुमच्या ‘पेन्या’तला, वाचताच येत नाही. तो रस्त्याने चालत येतो, तुमच्या दारावरची पाटी वाचायला थबकतो, आणि म्हणतो, असं घरच नाही. चाळीस टक्क्यांवर हेच होतं. माझ्या नावात ते अक्षर नाही, म्हणून दोन वर्षांत मला कधी कळलं नाही. फोरमवर मुन्योस, नुन्येस, इबान्येस अशी कित्येक माणसं रडत होती आणि मी सगळ्यांना सांगत होतो की तुमची फाइल अपुरी आहे. मी न पाहता निकाल देत होतो.

खात्याचं नाव नुसतं बदलू नका, आतला फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. प्रत्येक मशीनवर नवीन खातं उघडा, साध्या अक्षरांचं. मग तिथून सीडी चालवा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. होय, मी त्या दिवशी सान लिनोला होतो. पुंता ग्रांदेचा नाही. प्रेक्षकांत नव्हतो, मैदानात होतो.

अ. रेंतेरिया


सान लिनो, १९ जून, सकाळ

नऊच्या नऊ. सात नंबर माझ्या मावसभावाने नवीन करून दिला होता, त्याने खात्याला ‘पीसी सात’ नाव दिलं होतं. बाकी सगळीकडे मीच होते. माझ्याच आडनावाला सगळं अडलं होतं हे गावभर झालंय. मासळीवाल्या मला आता बिनरेघेची ग्रिसेल्दा म्हणतात. तुम्ही नाचा. मी नाचले.

ग्रि.


सान लिनो, १९ जून, दुपार

सेन्योर,

सकाळी आनंदात तुमची शेवटची ओळ नीट वाचली नव्हती. जेवल्यावर परत वाचली.

आमचे अकरा मला पाठ आहेत. पुंता ग्रांदेचे तुम्ही नाही म्हणता. मैदानात उरतात तिघे, पंच आणि दोन झेंडेवाले. झेंडेवाल्यांपैकी एक पैता गावचा होता, तो वारला. दुसरा अजून दर जत्रेला येतो आणि कुणाच्यातरी खर्चाने मक्याची चिचा पितो.

तुमचं आईकडचं आडनाव रेंतेरिया असेल. वडिलांकडचं लावायचं तुम्ही सोडून दिलंत. ते वडिलांकडचं आडनाव मी आठ तारखेच्या पत्रात तुम्हाला हसत हसत लिहिलं होतं.

आता मी माझं सांगते, कारण मीही हे कुणाला सांगितलेलं नाही. लोक वल्ही घेऊन तुमच्या मागे लागले तेव्हा बर्फाच्या कारखान्याचं बाजूचं दार कुणीतरी उघडलं, तुम्हाला मिठाच्या पोत्यांमागे ढकललं आणि म्हटलं, “आवाज करू नका.” ती मी. तेव्हा मी तिथे कामाला होते. तुम्हाला मी पाहिलं, तुम्ही मला नाही पाहिलंत, अंधार होता. तीन तासांनी बर्फाच्या ट्रकमध्ये खोक्यांआड बसवलं तीही मीच. माझ्या भावाचा गोल तुम्ही खाल्ला होता आणि मी तुम्हाला वाचवलं. बाहेर तो वाळूत उपडा पडून होता. पिउराच्या मोठ्या क्लबचा माणूस त्या दिवशी त्याला पाहायला आला होता, सामना संपायच्या आत गाडीत बसून निघून गेला.

एवढंच विचारते. तो ऑफसाइड होता का?

ग्रिसेल्दा पेन्या


चाचापोयास, २० जून

सेन्योरा ग्रिसेल्दा,

पंधरा वर्षं मी त्या आवाजाला तोंड शोधत होतो. आभार मानायला शब्द पुरणार नाहीत, आणि तुम्ही विचारलंत ते वेगळंच आहे, म्हणून त्याचंच उत्तर देतो.

मला माहीत नव्हतं. ऊन होतं, मी पंचेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेलं, शेवटच्या वीस मिनिटांत मी धावणं सोडलं होतं. उजवीकडून चेंडू आत आला तेव्हा मी मधल्या वर्तुळात कमरेवर हात ठेवून उभा होतो. झेंडा अर्धा वर गेला आणि खाली आला. मला फक्त पाठी दिसल्या, पाय दिसले नाहीत. मी अंदाजाने शिट्टी वाजवली. कुणी पैसे दिले नव्हते, कुणाची भीती नव्हती. नुसता थकलो होतो. पाच महिन्यांनी एकाने हातकॅमेऱ्यावर घेतलेलं चित्रण दाखवलं. तुमचा भाऊ शेवटच्या बचावपटूच्या अलीकडे होता, चांगला हातभर. गोल होता तो.

शिट्टी मी त्यानंतर सोडली. समुद्रापासून लांब जावं म्हणून इथे आलो. मुलीच्या कॉम्प्युटरवर हे शिकलो, आणि पहिलं मैदान केलं ते तुमचं. बाकीचे सगळे संघ नंतर केले, एकच मैदान केलं असतं तर कुणी ‘हेच का’ असं विचारलं असतं म्हणून. त्या तीन तासांत भिंतीच्या फटीतून मला ते मैदान दिसत होतं. त्यातलं काही विसरलो नाही.

भावाला सांगायचं की नाही तुम्ही ठरवा. स्पर्धेआधी सीडी मोडून टाकाव्याशा वाटल्या तर माझी तक्रार नाही.

अबेलार्दो मोगोयोन रेंतेरिया


सान लिनो, २३ जून

सेन्योर मोगोयोन,

सीडी का मोडू? बत्तीसची छप्पन नावं झालीत.

तेओला रविवारी सांगितलं. त्याने बोट काढली आणि म्हाकूळ धरायला गेला तो दोन दिवस आलाच नाही. मी धक्क्यावर खेपा घातल्या. आज सकाळी आला, बूट न काढता सात नंबरसमोर बसला, एकटाच खेळला, बराच वेळ. मग मला म्हणाला, “लिही त्याला. मी सांगतो तसंच लिही.” तसंच लिहिते, माझ्याकडून एक शब्द नाही:

“मोगोयोन, तू मला उजव्या पायाचा केलास. खेळात अकरा नंबर उजव्या पायाने मारतो. मी डावरा आहे, हे या किनाऱ्यावर कुत्र्यांनाही माहीत आहे. तो गोल मी डाव्या पायाने मारला होता. तू गोल खाल्लास तो खाल्लास, पायसुद्धा पाहिला नाहीस. भिंतीवरची जाहिरात बघायला तुला वेळ होता. पाय दुरुस्त करून पाठव. आणि रविवारी ये. स्वतःच्या नावाने ये.”

मी म्हटलं, येऊन काय करायचंय त्यांनी? तर म्हणाला, “ते तुझं काम नाही.”

ग्रिसेल्दा


चाचापोयास, २४ जून

सेन्योरा,

सोबत एक छोटी फाइल आहे, मेगाबाइटसुद्धा नाही, तुमच्या लाइनीत सहज उतरेल. खेळाच्या ‘माहिती’ फोल्डरमध्ये ठेवा, जुनीच्या जागी. विचारील, बदलू का, हो म्हणा. अकरा नंबर आता डावरा आहे. ताकदही दोन अंकांनी वाढवली. ते दयेने नाही. चित्रण परत आठवून पाहिलं, मी कमी धरली होती.

शुक्रवारच्या बसने निघतो. बायको म्हणते, जाऊ नका. मुलगी म्हणते, जा. यात भीती किती आणि आनंद किती ते मला वेगळं करता येत नाही.

अ. मोगोयोन


सान लिनो, ३० जून

सेन्योर अबेलार्दो,

हे कसलं वागणं? सोमवारी कॅबिन उघडायच्या आत तुम्ही पहिल्या बसने गेलात. मी तुमच्यासाठी मासळीच्या सेविचेवर कैद्यासारखी लिंबं पिळत बसले होते.

तुम्ही पाहिलंत तेवढं पाहिलंत, पुढचं ऐका. चार नंबर अडकला तेव्हा तुम्ही टोपी काढून टेबलाखाली शिरलात, कुणाला कळलं नाही तुम्ही कोण. दिग्नाने तर तुम्हाला वायरमन समजून चिचाचं भांडं दिलं. तेओ पहिल्याच फेरीत सात-शून्य हरला, तरी त्या डाव्या पायाने एकदा खांबाला मारला आणि लोकांनी त्याला उचललं. मग वीज गेली. दोन तास. आम्ही उपांत्य सामन्याच्या मध्यात, नऊ काळे पडदे, छप्पन माणसं घामाने निथळत, आणि तेवढ्यात तेओ दारात आला आणि तुम्हाला म्हणाला, “चल.” तुम्ही त्याच्यामागे मैदानाकडे गेलात. मला जायचं होतं, पण त्याच क्षणी वीज आली.

अंतिम सामना दिग्ना आणि तांडेल पांता यांच्यात. दोघांनाही सान लिनोच हवं, कुणी ऐकेना, म्हणून दोन्हीकडे सान लिनो. हिरवे-पांढरे बावीस जण. कोण आपला कोण परका, निम्मा वेळ कुणालाच कळेना, पांताने एकदा आनंदाने स्वतःच्याच गोलात चेंडू घातला. दोन-दोन झाले, जास्तीचा वेळ सुरू झाला. आणि तेव्हाच मैदानाकडून असा आवाज आला की खिडकीची काच हलली. मी असा आवाज पंधरा वर्षांपूर्वी एकदाच ऐकला होता. दिग्नासुद्धा थांबली. मी दाराकडे पळाले, तर मागून सगळे ओरडले, “ग्रिसेल्दा, तू गेलीस तर निकाल कोण देणार?” मी थांबले. माझे पाय तिथे आणि जीव मैदानावर. शेवटी दिग्नाने तेओच्याच पायाने गोल मारला आणि जिंकली. ती चषक घेऊन कारखान्यात गेली, तो आता सुऱ्यांच्या फळीवर आहे.

मी धावत मैदानावर आले तर सगळं संपलेलं. तेओला विचारलं, काय झालं? तो पायाला बर्फ लावून बसला होता, तोंडभर हसत होता, आणि म्हणाला, “त्याला विचार.” दुसऱ्याला विचारावं तर प्रत्येक जण निराळं सांगतो आणि सगळे एकदम सांगतात.

म्हणून तुम्ही लिहा. तुम्हीच मला पहिल्या पत्रात म्हणालात, जे दिसलं तेच लिहा, अंदाज नको.

ग्रिसेल्दा


चाचापोयास, २ जुलै

सेन्योरा ग्रिसेल्दा,

न भेटता निघालो ते चुकलं. तुमच्यासमोर मला बोलता आलं नसतं. लिहिता येईल.

तेओ मला थेट मैदानावर घेऊन गेला. तिथे ९४चा तुमचा संघ आणि ९४चं पुंता ग्रांदे, सगळे पोट सुटलेले, टक्कल पडलेले, जत्रेच्या सामन्यासाठी तयार. मला वाटलं, बाकावर बसवतील. तेओने लाउडस्पीकरवाल्याच्या हातातला माइक घेतला. “हा मोगोयोन. माणसाचं नाव आहे ते, शिवी नाही. आज हा आपल्या पायांनी आलाय. आजची शिट्टी हाच वाजवणार.”

मग जे सुरू झालं ते तुम्हाला सांगत नाही, तुम्ही बाईमाणूस. एक ओलं म्हाकूळ माझ्या टोपीवर येऊन बसलं. मी म्हटलं, “तेओ, माझं वय साठ आहे.” तो म्हणाला, “माझं काय वीस आहे? धाव.”

मी धावलो. पहिल्या दहा मिनिटांतच छाती भात्यासारखी व्हायला लागली. चेंडू जिथे जाई तिथे जायचं, एवढंच ठरवलं होतं. म्हातारे हळू खेळतात हे माझं नशीब. मध्यंतरानंतर लोकांनी शिव्या द्यायचं थांबवून मोजायला सुरुवात केली, मी चेंडूजवळ पोचलो की ओरडायचे, “आला, आला.” ती थट्टा होती. पण सेन्योरा, मला इतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती.

एक-एक. पाचेक मिनिटं उरली होती. पुंता ग्रांदेचा तो जाडा नऊ नंबर तुमच्या गोलासमोर घुसला, तेओ त्याला अडवायला मागे धावत आला, आणि नऊ नंबर आपटला. मी दोन पावलांवर होतो. मी शिट्टी वाजवली आणि पेनल्टीच्या ठिकाणाकडे हात केला. सान लिनोविरुद्ध. तुमच्या भावाविरुद्ध.

काच हलली म्हणता तो हा आवाज. लोक रेघ ओलांडून आत आले. मी पळालो नाही, कारण पळायला दमच नव्हता. हे खरं कारण आहे, शौर्य नव्हे. तेओ माझ्याकडे आला, छातीला छाती लावून उभा राहिला.

“कुठे होतास?”

“दोन पावलांवर.”

“काय पाहिलंस?”

“तुझा डावा पाय. त्याच्या टाचेवर.”

सगळं मैदान बघत होतं. मग तो लोकांकडे वळला आणि ओरडला, “लागलाय माझा पाय. बरोबर पाहिलं त्याने. मागे व्हा सगळे.”

लोक मागे झाले. एकदम नाही, कुरकुरत, पण झाले.

नऊ नंबरने मारला तो आत गेला. दोन-एक. सान लिनो हरलं, आणि तुम्हाला हे कुणी नीट सांगितलं नसेल तर मी सांगतो, सान लिनो माझ्यामुळे हरलं नाही. चेंडू परत मधे आणून ठेवला तेव्हा सामन्याची चार मिनिटं शिल्लक होती. मला कुणी हाकललं नाही. ती चारही मिनिटं मी धावलो.

अबेलार्दो मोगोयोन